खाजतंय? ती ट्यूब आधी खाली ठेवा!

गजकर्ण, खरूज, पित्त, इसब. खाज सगळ्यांतच सुटते, पण औषध प्रत्येकाचं वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं तर दुखणं बरं होत नाही, उलट पसरतं. मग आपल्याला नेमकं काय झालंय, हे ओळखायचं कसं?

प्रत्येक हॉस्टेलवर एक ट्यूब असते. ती नेमकी कुणाची, हे कुणालाच माहीत नसतं. अर्धी पिळून झालेली, झाकण हरवलेलं. कुणाच्या जांघेत खाजलं की ती, कुणाच्या मानेवर चट्टा आला की ती, डास चावला तरी तीच. संपली की कुणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातं, गिऱ्हाईक कमी होईपर्यंत थांबतं आणि हळूच म्हणतं, ‘काका, खाजेवर काहीतरी द्या ना.’ कुठे खाजतंय हे काका विचारत नाहीत, आपणही सांगत नाही. दोन मिनिटांत काम होतं.

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी एक म्हण आपल्याकडे आहेच. कॉलेजातल्या पोरापोरींचं जावयावाचूनही तेच होतं. घरी सांगायची लाज, डॉक्टरला दाखवायची त्याहून लाज, आणि मित्रांना सांगावं तर ते महिनाभर चिडवणार. त्यामुळे चार-चार महिने लोक गपचूप खाजवत बसतात आणि गपचूप ट्यूब लावत बसतात.

अडचण अशी, की ती ट्यूब पहिले दोन दिवस खरंच काम करते. खाज थांबते, लाली उतरते. आपण खूश. आठवड्याने चट्टा परत येतो, आधीपेक्षा मोठा. मग आपण ट्यूब आणखी जोरात लावतो. हे चक्र का फिरतं, ते कळायला आधी खाजेचे प्रकार कळायला हवेत.

आधी चार प्रश्न विचारा

खाज सुटली की हात आपोआप जातो. तो जाऊ द्या, पण डोकंही थोडं चालवा. स्वतःला चार प्रश्न विचारा.

एक, कुठे खाजतंय? जांघेत, बोटांच्या बेचक्यात, कोपराच्या घडीत की अंगभर?

दोन, कधी खाजतं? घाम आल्यावर, रात्री पांघरुणात शिरल्यावर, की काही खाल्ल्या-घेतल्यावर?

तीन, आणखी कुणाला खाजतंय? रूममेटला? घरी भावाला, आईला?

चार, चट्टा जागेवर राहतो की फिरतो? सकाळी पोटावर आणि संध्याकाळी पाठीवर, असं होतं का?

या चार उत्तरांवरून नक्की निदान होईलच असं नाही, ते डॉक्टरचं काम. पण आपण कोणत्या गल्लीत उभे आहोत, तेवढं नक्की कळतं.

गोल कडा, घामाची खाज : गजकर्ण

गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, इंग्रजीत रिंगवर्म म्हणा. नावात वर्म असलं तरी यात अळी-किडा काही नसतो. ही बुरशी आहे. आपल्या त्वचेत, केसांत, नखांत केराटिन नावाचं प्रथिन असतं. ही बुरशी त्यावरच जगते. तिला आवडते ऊब आणि ओल. म्हणून जांघ, नितंब, कंबरेचा पट्टा, काखा, मुलींमध्ये स्तनांखालची जागा ही तिची आवडती ठिकाणं.

ओळखायची खूण म्हणजे कडा. चट्टा गोलसर असतो, कडा थोडी उचललेली, लालसर, तिच्यावर बारीक कोंड्यासारखी खवलं. मधला भाग मात्र निवळत आलेला दिसतो. पाण्यात खडा टाकल्यावर वलय बाहेर सरकतं, तसा तो सरकत जातो. आणि खाज? ग्राउंडवरून आल्यावर, लोकलच्या गर्दीतून उतरल्यावर, दिवसभर घातलेली टाइट जीन्स काढल्यावर. घाम आला की खाज आलीच.

आता त्या ट्यूबकडे येऊ. मेडिकलमधल्या ‘खाजेच्या’ कित्येक मलमांत बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइडचं काम काय, तर त्वचेची लढाई शांत करणं. लाली, सूज, खाज ही त्या लढाईचीच लक्षणं. ती थांबली की आपल्याला वाटतं, बरं झालं. प्रत्यक्षात पोलिसांना घरी पाठवलं आणि चोर आतच राहिला, अशी गत. बुरशी निवांत पसरते. तिची गोल कडाही पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. जांघेतली त्वचा आधीच पातळ. तिथे महिनोन् महिने स्टेरॉइड लावलं तर ती आणखी पातळ होते आणि जांभळट रेघा पडतात. त्या रेघा पुढे फिकट होतात, पण पुरत्या जात नाहीत. चेहऱ्यावर लावलं तर पुरळ, लालसरपणा, नको तिथे केस.

हा प्रकार इतका बोकाळला, की त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेला याविरुद्ध मोहीम उघडावी लागली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड्स डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. तरी ‘काका, खाजेवर काहीतरी द्या’ हे वाक्य आजही चालतंच.

दुसरीकडे बुरशीही बदलली. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणारी एक जात भारतात आणि आसपासच्या देशांत पसरली. जपानमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये तिला नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. त्या नावात आपल्या देशाचं नाव आहे, आणि ही काही मिरवायची गोष्ट नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांमध्येही ती सापडल्याची नोंद झाली. म्हणून पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारं गजकर्ण आता अनेकांना कितीतरी जास्त काळ पिडतं. चट्टा दिसेनासा झाला म्हणून औषध मध्येच सोडलं, की ते हमखास उलटतं. डॉक्टर ‘बंद कर’ म्हणेपर्यंत सोडायचं नाही, हा इथला पहिला नियम.

दुसरा नियम कपड्यांचा. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली जीन्स, दमट अंडरवेअर अंगावर चढवायची नाही. सुती आणि सैल घाला. कपडे उन्हात वाळवा, ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. टॉवेल आपला आपला. आंघोळ झाल्यावर जांघा कोरड्या पुसा आणि मगच कपडे घाला.

रात्रीची खाज, अख्ख्या रूमला : खरूज

‘खाजवून खरूज काढणे’ म्हणजे नसतं लचांड ओढवून घेणं. खरी खरूज मात्र खाजवून येत नाही. ती येते एका किडीमुळे. ही कीड अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. तिची मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि आत अंडी घालते. खरजेचं कारण ही कीडच आहे, हे इटलीतल्या बोनोमो नावाच्या डॉक्टरने १६८७ मध्येच लिहून ठेवलं होतं. तरी आजही आपण ‘रक्त खराब झालंय’ म्हणत कडुलिंबाचा रस पीत बसतो.

खूण काय? वेळ आणि जागा. दिवसा सहन होईल इतपत, पण रात्री अंथरुणात ऊब लागली की झोप उडवणारी खाज. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कंबरेवर, नितंबांवर आणि गुप्तांगावर बारीक पुळ्या. मुलांच्या लिंगावर खाजणाऱ्या गाठी आल्या तर खरजेचा संशय घ्यायलाच हवा. आणि सगळ्यात मोठी खूण, खाजवणारे तुम्ही एकटे नसता.

इथे एक मेख आहे. आयुष्यात पहिल्यांदाच खरूज झाली असेल तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे ज्याला अजून काहीच होत नाही, त्याच्याही अंगावर ती असू शकते. नुसत्या शेकहँडने ती सहसा लागत नाही. पण दोन कॉट जोडून तिघं झोपणं, एकच पांघरूण, एकमेकांचे कपडे घालणं, हे हॉस्टेलवर रोजचंच. त्यामुळे ज्याला खाजतं त्याच्या एकट्याच्या उपचाराने काही होत नाही. तो बरा होतो आणि रूममेटकडून ती परत घेतो.

डॉक्टर बहुतेक वेळा पर्मेथ्रिनचं मलम देतात. ते लावण्यातच बहुतेकांची चूक होते. जिथे खाजतं तिथेच लावायचं नसतं. मानेपासून पायाच्या तळव्यांपर्यंत, बोटांच्या फटी, नखांखाली, बेंबी, गुप्तांग, सगळीकडे. रात्रभर ठेवायचं, सकाळी आंघोळ. साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. आणि रूममधल्या, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. त्याच दिवशी चादरी, टॉवेल, वापरलेले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर ही कीड दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही.

एवढं सगळं केल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. कीड मेलेली असते, पण तिचे अवशेष त्वचेत असतात. म्हणून घाबरून रोज मलम थापू नका. महिन्यानंतरही नव्या पुळ्या येत असतील तर पुन्हा दाखवा.

खरूज घाणेरड्या लोकांना होते, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होते. एका खोलीत जास्त माणसं झोपली की होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. दुर्लक्षित का, तर कुणी बोलतच नाही म्हणून.

ढेकूण वेगळे बरं का! ते चावतात उघड्या जागी, म्हणजे हात, मान, पाय इथे. अनेकदा एका रांगेत तीन-चार गांधी दिसतात. चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके, कॉटच्या सांध्यांत काळे डाग. इथे औषध माणसाला नाही, कॉटला लागतं.

येतं नि जातं : पित्त

अंगावर एकदम लाल, फुगीर गांधी उठतात, प्रचंड खाज सुटते आणि दोन-चार तासांत सगळं साफ. मग दुसरीकडे उठतात. याला आपण म्हणतो पित्त उठणं. आजी आमसुलाचं पाणी लावते, थोडा गार गार आराम पडतो. नाव पित्त असलं तरी याचा ॲसिडिटीशी संबंध असेलच असं नाही. त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात, त्याचा हा खेळ. निमित्त काहीही असू शकतं, नुकताच येऊन गेलेला व्हायरल ताप, पेनकिलर किंवा अँटिबायोटिक गोळी, कोलंबी-शेंगदाण्यासारखा पदार्थ. अनेकदा निमित्त सापडतही नाही.

याची चाचणी घरच्या घरी होते. एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा. चोवीस तासांनी बघा. गांधी गायब, त्वचा पहिल्यासारखी, तर ते बहुधा पित्तच. तिथेच ठाण मांडून बसली असेल तर काहीतरी वेगळं आहे. आणखी एक, पित्तात खवलं निघत नाहीत. म्हणून त्यावर कुठलीच ट्यूब लावून उपयोग नाही. पोटात घ्यायची खाजेची गोळी लागते, आणि ती घेऊन झोप येऊ शकते, तेव्हा घेतल्यावर गाडी चालवू नका. सहा आठवड्यांनंतरही हे चालूच असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

मात्र गांधींबरोबर ओठ, जीभ, डोळे सुजले, आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर ही लगेच हॉस्पिटलमध्ये जायची वेळ. आमसूल शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

जुनी कोरडी खाज : इसब, आणि ‘लागलेलं’ काहीतरी

काहींना लहानपणापासून कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत खाज असते. थंडी आली की वाढते, परीक्षा आली की वाढते. त्वचा कोरडी, खाजवून खाजवून जाड आणि काळपट. घरात कुणाला दमा, कुणाला सतत शिंका. हे इसब, म्हणजे एक्झिमा. हे कुणाकडून लागत नाही, कुणाला देताही येत नाही. ताट वेगळं, बेड वेगळा, असलं काही करायची गरज नाही. आंघोळ कोमट पाण्याने आणि आटोपशीर. अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, रोज. घासणी आणि उग्र साबण बंद.

आणि गंमत बघा, गजकर्णाला खतपाणी घालणारं तेच स्टेरॉइड इसबात मात्र खरंखुरं औषध असतं. डॉक्टर ते मोजून देतात, कुठल्या जागी किती ताकदीचं, किती दिवस, हे ठरवून. म्हणजे ट्यूब वाईट नाही. कशावर लावतोय हे माहीत नसताना लावणं वाईट.

इसबाचा एक प्रकार मात्र बाहेरून ‘लागतो’. तो ओळखायचा आकारावरून आणि जागेवरून. बेंबीखाली बरोबर जीन्सच्या बटणाएवढा चट्टा? ते बटणातलं निकेल. कानाच्या पाळीला, गळ्यात माळेच्या रेघेत खाज? इमिटेशन ज्वेलरी. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा चट्टा? टिकलीचा गोंद. तो वेळीच सोडला नाही तर तिथली त्वचा पांढरीही पडू शकते. केस रंगवल्यावर दोन दिवसांत कानामागे, मानेवर, पापण्यांवर सूज? हेअर डाय, आणि लग्नसराईतल्या ‘काळ्या मेंदी’तही तेच रसायन असू शकतं. शेतावर, माळावर जाणाऱ्यांना चेहऱ्यावर, मानेवर, कोपरांच्या घडीत खाज सुटत असेल तर गाजर गवताचा विचार करा. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात नजरेस आलेलं हे गवत आज रस्त्याच्या कडेने सगळीकडे आहे.

यावर पहिलं औषध एकच. जे लागतंय ते काढा. बटणाला आतून कापड शिवा, कानातले बदला. ते न करता नुसतं मलम लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

उन्हाळ्यातलं घामोळं सगळ्यांना माहीतच आहे. पाठीवर, मानेवर टाचणीच्या टोकाएवढे दाणे, टोचणारी खाज. गार पाणी, पंखा, सैल सुती कपडे, बस्स. त्यावरही ती ट्यूब नकोच.

न खाजणारा चट्टाही बघा

इतका वेळ खाजेबद्दल बोललो, पण एक चट्टा असा असतो जो अजिबात खाजत नाही, आणि म्हणूनच राहून जातो. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर पिसाने किंवा कापसाने स्पर्श केला तरी कळत नाही, थंड-गरम कळत नाही. असा बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायलाच हवी. घाबरण्यासारखं काही नाही. सरकारी दवाखान्यात याचं औषध मोफत मिळतं, ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स असतो आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर केला तर मात्र नसांचं नुकसान भरून येत नाही.

तसंच, अंगावर काहीच दिसत नाही पण आठवडेच्या आठवडे अंगभर खाज आहे, असं असेल तरी डॉक्टरकडे जा. कावीळ, थायरॉइड, किडनीच्या तक्रारी यांतही असं होतं. रक्त तपासलं की कळतं.

डॉक्टरकडे जाताना

त्वचारोगतज्ज्ञ महाग, असं वाटत असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठा. तिथे त्वचाविभागाची ओपीडी असते. जांघ दाखवायची लाज वाटते? समोरच्या डॉक्टरने सकाळपासून तेच बघितलेलं असतं. मुलींना महिला डॉक्टर हवी असेल तर तसं बिनधास्त सांगा.

जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या, रिकाम्यासुद्धा. लपवू नका. नावाखालची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड. पित्तासारखं येऊन जाणारं काही असेल तर उठलेलं असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गजकर्णाची शंका असेल तर डॉक्टर त्वचा हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात, एक द्रावण टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुखत नाही, फार वेळही लागत नाही. आणि निघताना एक प्रश्न नक्की विचारा, ‘हे किती दिवस लावायचं आणि कुठे लावायचं नाही?’

रूमवर परत आल्यावर ती झाकण नसलेली ट्यूब कचऱ्यात टाका. खरूज निघाली असेल तर रूममेटला त्याच दिवशी सांगा. तो दोन मिनिटं हसेल. मग बहुतेक हळूच म्हणेल, ‘अरे, मला पण खाजतंय.’